काशीचे न बांधलेले विद्यापीठ

काशीस जाऊन आलो असे कळताच आप्तेष्ट दोन गोष्टी विचारतात. गंगेचा गडू आणलात का, ही एक. आणि तेथे काय सोडून आलात, ही दुसरी. कोणी पेरू सोडतो, कोणी भोपळा. चतुर माणूस मुळातच न आवडणारी भाजी सोडून पुण्य पदरात पाडून घेतो. नोकरीनिमित्त उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींची तर आणखीच गंमत आहे. देशावरची माणसे वर्षानुवर्षे मनसुबे रचून काशी करावयास निघतात, वाटेत आमच्या घरी दोन दिवस मुक्काम करून पुढे जातात, आणि आम्ही मात्र 'काय, हाकेच्या अंतरावर तर आहे' असे म्हणत राहतो. मग एके दिवशी बदलीचा हुकूम हाती पडतो. लखनौच्या आमच्या वास्तव्यात हेच होऊ घातले होते. म्हणून गेल्या माघात तीन दिवसांची रजा रविवारास जोडून आम्ही निघालो. हेतू यात्रेचा नव्हता. काशी ही विद्येची नगरी असे लहानपणापासून ऐकत आलो. सोडमुंजीच्या वेळी बटू छत्री-काठी घेऊन काशीस निघतो आणि मामा मुलगी देऊ करून त्याला परत फिरवतो, एवढीच काय ती आमची तेथील विद्येशी ओळख. मामाने परत फिरवलेल्या त्या बटूला तेथे पोहोचल्यावर काय भेटले असते, ते एकदा पाहावे असे मनात होते.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'विश्वविद्यालय' एवढेच सांगितले, तेव्हा त्याने उलट विचारले, "कौन-सा विश्वविद्यालय, बाबूजी?" प्रश्न रास्त होता. शहराच्या दक्षिणेला लंका भागापुढे मालवीयजींचे हिंदू विश्वविद्यालय. जगतगंजला संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. स्टेशनापासून जवळच काशी विद्यापीठ. आणि सारनाथला १९६७ साली निघालेली उच्च तिबेटी शिक्षणाची केंद्रीय संस्था. एका गावात चार विद्यापीठे! आम्ही क्षणभर विचार करून पंचगंगा घाट सांगितला. "वहाँ तो कोई विश्वविद्यालय नहीं है," असे त्याने प्रामाणिकपणे बजावले आणि पायंडलावर पाय ठेवला.

त्याचे म्हणणे आजच्या अर्थाने खरे होते. पण पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातल्या, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावे अशा गल्ल्यांतूनच काशीचे पाचवे, किंबहुना पहिले, विद्यापीठ एके काळी नांदत होते. त्याला फाटक नव्हते, पाटी नव्हती, कुलगुरू नव्हता. १६६५ च्या सुमारास फ्रान्सवा बर्नियर नावाचा फ्रेंच वैद्य येथे आला, तेव्हा त्याला ते दिसले, कारण त्याची दृष्टी जिज्ञासूची होती. हिंदुस्थानचे अथेन्स, असे त्याने काशीला म्हटले. आणि लगेच खुलासा केला की येथे युरोपातल्यासारखी महाविद्यालये नाहीत की क्रमवार वर्ग नाहीत. गुरुजन गावभर आपापल्या घरी विखुरलेले असतात. काही जण श्रीमंत व्यापाऱ्यांनी मोकळ्या करून दिलेल्या वेशीबाहेरच्या बागांतून शिकवतात. एकाकडे चार शिष्य, दुसऱ्याकडे सहा-सात; फारच नामांकित असेल तर बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षे गुरूजवळ राहतात, अभ्यास संथपणे चालतो, आणि सावकारांच्या पैशातून होणाऱ्या खिचडीवर सर्वांचा निर्वाह होतो. पुढे मोठ्या हुद्द्याची आशा नाही, म्हणून घाई नाही, चढाओढही नाही, असेही त्याने नोंदवले आहे. बढतीच्या याद्यांकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

बर्नियरला खिचडी जराशी हास्यास्पद वाटली असावी. आम्हांला मात्र तीत या विद्यापीठाचे सारे अर्थशास्त्र दिसले. गुरूने शुल्क घ्यावयाचे नाही, विद्या विकावयाची नाही, हा दंडक. मग परगावच्या विद्यार्थ्याच्या पोटाची सोय कोणी लावायची? ती यात्रेकरूंच्या दानाने, सावकारांच्या अन्नछत्रांनी आणि दूरदूरच्या राजेरजवाड्यांच्या नेमणुकांनी लागत असे. अठराव्या शतकात मराठी दौलतीचा हात येथवर पोहोचल्यावर तर घाट, देवळे, वाडे आणि अन्नसत्रे यांची रीघच लागली. पेशव्यांचा दशाश्वमेध, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अहल्याबाईंनी १७८० साली पुरे केलेले विश्वनाथाचे आजचे देऊळ, पुढे बायजाबाई शिंद्यांचा घाट. हे सारे आपण पुण्यकर्म म्हणून मोजतो. पण या दानधर्मातून शिजलेल्या भातावर कौमुदी पाठ झाली आणि नव्यन्यायाची पत्रे उतरली गेली, हे सहसा कोणी सांगत नाही. घाटाच्या पायऱ्या दिसतात; पायरीवर बसून जेवलेला विद्यार्थी दिसत नाही.

हे विद्यापीठ उभे करण्यात दक्षिणेकडून आलेल्या घराण्यांचा हात फार मोठा. त्यांतले अग्रणी भट्ट घराणे मूळचे पैठणचे. रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठण सोडून काशीस आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, जन्म १५१३. त्रिस्थळीसेतु आणि प्रयोगरत्न लिहिणारे, तोडरमलाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणारे, आणि पंडितसभेत ज्यांच्या घराण्याला अग्रपूजेचा मान मिळाला ते हेच. नारायणभट्टांचा नातू कमलाकर. त्याने १६१२ साली पुरा केलेला निर्णयसिंधु आजही आमच्या पुरोहितांच्या बासनात असतो, आणि एकादशी आज की उद्या या वादात शेवटचा शब्द पुष्कळदा त्याचाच. दुसरा नातू नीलकंठ. पणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट. त्याच्याविषयी मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. एकाच घरातल्या चार पिढ्यांनी मिळून धर्मशास्त्राचे जेवढे ग्रंथ लिहिले तेवढे लिहावयास आज एखाद्या संस्थेला अनुदान मागावे लागेल. आणि ते एकटे नव्हते. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर गोदाकाठच्या कोपरगावचा. नैयायिक महादेव पुणतांब्याचा. व्याकरणाचा अखेरचा महामेरू नागोजीभट्ट, तो काळे आडनावाचा. सोडून आलेल्या गावांची नावे या मंडळींनी काशीत जपून ठेवली.

यांपैकी नीलकंठभट्टाच्या एका ग्रंथाची हकीकत सरकारी नोकरीतल्या वाचकांनी तरी अवश्य ऐकावी. यमुना आणि चंबळा यांच्या संगमाजवळ भरेह येथे भगवंतदेव नावाचा सेंगर रजपूत राजा होता. त्याच्या आश्रयाने नीलकंठाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, ग्रंथ रचला. त्यातला एक व्यवहारमयूख. विषय वारसा, वाटणी, ऋण, साक्ष. पुढे इंग्रजी अंमल आला, आणि १८२७ साली सुरतेत बोरोडेल या अधिकाऱ्याने व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातल्या न्यायाधीशांना हाताशी एक पोथी हवीच होती. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत मयूखाचे वचन मिताक्षरेच्याही वर मानले जाऊ लागले. पैठणच्या घराण्यातला माणूस, राहणार काशीचा, आश्रय चंबळेकाठच्या रजपुताचा, आणि ठाणे-सुरतेच्या शेतजमिनीचा वारस कोण हे ठरविणार तो!

याचा परिणाम कागदावरच राहिला नाही. निपुत्रिक मृताची बहीण ही जवळची वारस, आजीच्या पाठोपाठ तिचा हक्क, असे नीलकंठाने म्हटले होते. म्हणून मुंबई इलाख्यातल्या बहिणीला तो हक्क कोर्टात मिळत गेला. बाहेर बहुतेक ठिकाणी १९२९ चा कायदा होईपर्यंत बहिणीला अशी वरची जागा नव्हती, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ही सारी जुनी शास्त्रे मागे पडली. म्हणजे काशीतल्या एका अंधाऱ्या माजघरात लिहिलेले वाक्य तीनशे वर्षांनंतरही कोकणातल्या एखाद्या विधवा बहिणीच्या पदरात भाताचे खाचर टाकत होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती काढली. ते पंडित तर होतेच, पण वकीलही होते. या पोथीची किंमत त्यांनी दोन्ही तराजूंत तोललेली होती.

इथवर येईतो आमची छाती बरीच फुगली होती, हे कबूल केले पाहिजे. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या माणसांची थोरवी जरा जास्तच गोड लागते. पण या विद्यापीठाच्या निकालपत्रांकडे वळलो आणि हवा थोडी कमी झाली. विश्वेश्वराच्या मंदिरात मुक्तिमंडप नावाचा एक सभामंडप होता. दूरदूरचे वाद येथे येत, पंडित जमत, निर्णयपत्र लिहिले जाई आणि त्यावर सह्या होत. १६५७ सालचे असे एक निर्णयपत्र प्रसिद्ध आहे. त्यावर सत्तराहून अधिक पंडितांच्या सह्या आहेत. प्रश्न कोणता? तर कोकणातल्या देवर्षी म्हणजे देवरुख्या ब्राह्मणांशी इतरांनी पंक्तिव्यवहार ठेवावा की नाही! निकाल त्यांच्या बाजूने लागला ही समाधानाची गोष्ट; तथापि आठशे मैलांवरची पंगत ठरविण्यासाठी हिंदुस्थानातल्या सत्तर अव्वल बुद्धिमंतांनी लेखणी उचलावी, आणि त्याच गावातल्या विणकर-चांभारांच्या वस्त्यांत जन्मलेल्या कबीर-रैदासांच्या परंपरेला या मंडपाची पायरीही चढता येऊ नये, हे जुळवून घेणे आम्हांस कठीण गेले. बर्नियरने पाहिलेल्या त्या घराघरांतल्या शाळांत स्त्रीला प्रवेश नव्हता, शूद्राला नव्हता. बहिणीच्या हक्काचे वाक्य जेथे लिहिले गेले, तेथे बहिणीला ते वाचावयास शिकविले जात नव्हते. काशीत काहीतरी सोडून यावे लागते म्हणतात. आम्ही जो निखळ अभिमान घेऊन गेलो होतो त्यातला निखळपणा सोडून आलो.

आणि तरीही याच गल्ल्यांत आणखी एक पैठणकर येऊन बसला होता. एकनाथांनी आपले भागवत काशीत पुरे केले ते कार्तिकी पौर्णिमेस, शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली. त्या वेळी नारायणभट्ट साठ वर्षांचे, कीर्तीच्या शिखरावर होते. दोघे एका गावचे. एकाने संस्कृतात विधी सांगितला, दुसऱ्याने त्याच काठावर संस्कृतातले गुह्य मराठीत उघडे केले. प्राकृतात भागवत लिहितो म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम नाथांना दटावले आणि अखेर त्यांच्या ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. मिरवणुकीचे आम्हांस फारसे अप्रूप नाही. दटावणी आम्हांस अधिक बोलकी वाटते. कारण पुढच्याच वर्षी, १५७४ च्या रामनवमीस, तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानस लिहावयास घेतले, पुढे काशीत आयुष्य घालविले, आणि त्यांच्याही वाट्याला पंडितांचा रोषच आला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मराठी आणि अवधी या दोन बोलींनी एका वर्षाच्या अंतराने एकाच दारावर थाप मारली होती. मंडपात बसलेल्यांच्या सह्या आज अभ्यासकांपुरत्या उरल्या. मंडपाबाहेरच्या या दोन पोथ्या खेडोपाडी वाचल्या जातात.

बर्नियरला काशीत जो पंडितांचा प्रमुख भेटला, तो कवींद्राचार्य सरस्वतीच असे विद्वानांचे मत आहे. हाही गोदातीरचा, आश्वलायन शाखेचा ऋग्वेदी, संन्यास घेऊन काशीस राहिलेला. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवर बसणारा कर याने शहाजहानच्या दरबारी रदबदली करून उठवून घेतला. तेव्हा देशभरच्या पंडितांनी त्याच्या गौरवार्थ संस्कृत श्लोक रचून पाठविले, त्यांचा कवींद्रचंद्रोदय झाला. हिंदी कवींनी केला तो निराळाच. बादशहाने त्याला 'सर्वविद्यानिधान' हा किताब आणि वर्षाला दोन हजार रुपयांची नेमणूक दिली. औरंगजेबाने ती बंद केली. त्याचा ग्रंथसंग्रह एवढा मोठा की त्याची नुसती यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत पुस्तकरूपाने छापली गेली. संग्रह मात्र फुटला. ज्या पोथ्यांच्या पहिल्या पानावर त्याच्या मालकीची खूण आहे, त्या आज बिकानेरपासून कोठकोठल्या ग्रंथालयांत सापडतात. नेमणुकीवर जगणाऱ्या विद्येचे हे असे होते. धनी बदलला की पोथी वाट फुटेल तिकडे जाते.

१६६९ साली औरंगजेबाच्या हुकुमाने विश्वेश्वराचे देऊळ पाडले गेले आणि मुक्तिमंडपही त्याबरोबर गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, नारायणभट्टांचा पणतू रायगडावर शिवछत्रपतींच्या मस्तकावर अभिषेकाची धार धरीत होता. पणजोबांनी बांधविलेला मंडप पडल्यानंतर पाच वर्षांत घडलेला हा अभिषेक आपल्या शालेय इतिहासात त्या मंडपाच्या संदर्भाने कधीच शिकविला जात नाही. गागाभट्ट 'काशीहून आले' एवढेच आपण वाचतो. ते कोणत्या काशीहून आले, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जगतगंजला गेलो. १७९१ साली कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने संस्कृत पाठशाळा काढली. हेतू उघड होता: हिंदूंचे कायदे जाणणारे पंडित इंग्रज न्यायाधीशांना हवे होते. त्यासाठी लवकरच वर्षाला वीस हजार रुपये मंजूर झाले, आणि इतिहासात प्रथमच काशीच्या पंडिताला महिन्याच्या महिन्याला पगार, हजेरी व सुटी लागू झाली. १८५३ साली पुरी झालेली मेजर किट्टोची पाषाणी इमारत अजून उभी आहे. टोकदार कमानी, उंच कळस. आत पाणिनी शिकवितात हे सांगितल्याशिवाय कळू नये, इतके तिचे रूप ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे आहे. शेजारी सरस्वती भवन हे १९१४ चे ग्रंथालय; त्यात लाखाच्या घरात हस्तलिखिते आहेत.

या इमारतीत मराठी नावांची पुन्हा दाटी दिसते. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री यांना १८४२ साली येथे नेमण्यात सिहोरच्या विल्किन्सन साहेबाचा हात होता. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी संपादणारा, सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध करणारा आणि हिंदीत बीजगणित लिहिणारा हा पंडित जुन्या विद्येला नव्या गणिताशी घासून पाहण्यास भ्याला नाही. उलट राजारामशास्त्री कार्लेकर आणि त्यांचे शिष्य बालशास्त्री रानडे यांनी विधवाविवाहाच्या विरुद्ध शास्त्रार्थ लिहिला. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी दयानंद सरस्वतींशी आनंदबागेत जो प्रसिद्ध वाद झाला, त्यात काशीच्या पंडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांत हेच बालशास्त्री होते. त्यांच्या महाभाष्याच्या आवृत्तीपुढे मस्तक नमते. त्यांच्या निर्णयापुढे नमत नाही. विद्वत्ता आणि विवेक यांची एकाच घरी वस्ती असतेच असे नाही, हे काशीत जितके लख्ख दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. पगारी व्यवस्थेने घराची शाळा मात्र मोडली नाही. पंडित दिवसा कमानींखाली शिकवीत आणि पहाटे आपल्या ओसरीवर. खरा अभ्यास ओसरीवरच होई.

हिंदू विश्वविद्यालयाविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यात आटोपतो. ॲनी बेझंट बाईंच्या १८९८ च्या सेंट्रल हिंदू कॉलेजातून ते उगवले. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी लॉर्ड हार्डिंग्जच्या हस्ते कोनशिला बसली. दोनच दिवसांनी गांधीजी त्या मंडपात बोलावयास उभे राहिले. परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज वाटते म्हणाले, विश्वनाथाच्या गल्लीतली घाण काढली, दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांना चार शब्द सुनावले, आणि भाषण अपुरे राहिले. अर्धवर्तुळाकार आखलेले ते विस्तीर्ण आवार, आंब्यांच्या रांगा, सायकलींचे थवे पाहून मन प्रसन्न होते. १९२९ साली तेथे महिला महाविद्यालय निघाले. त्याच्या फाटकाशी आम्ही थोडे अधिक थांबलो. पुस्तके छातीशी धरून मुली हसत बाहेर पडत होत्या, आणि आमच्या डोळ्यांपुढे कालचे ते अंधारे माजघर आले. येथेच अनंत सदाशिव आळतेकर यांनी अध्यापन करता करता बनारसचा इतिहास लिहिला आणि १९३८ साली हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थितीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोल्हापूरकडचा माणूस, नोकरी काशीत, पुढे पाटण्यास. आपल्याच जातीचा म्हणावयाचा, म्हणजे बदलीच्या जातीचा.

परगावी राहून आपण काय करावयाचे, या प्रश्नाचे आम्हांस सर्वांत पटलेले उत्तर मात्र कोणत्याच विद्यापीठात मिळाले नाही. ते बाबूराव विष्णु पराडकरांच्या चरित्रात मिळाले. जन्म काशीतच, १८८३ साली, मराठी घरात. मामा सखाराम गणेश देऊस्कर. तेही मराठी, पण बंगालीत 'देशेर कथा' लिहून सरकारला धडकी भरविणारे. भाचा कलकत्त्यास जाऊन हिंदी पत्रांत रुजला. क्रांतिकारकांशी संबंध म्हणून स्थानबद्धता भोगली. १९२० साली काशीस 'आज' निघाले तेव्हा त्यात आला आणि १९५५ साली मरेपर्यंत हिंदीचा संपादकाचार्य म्हणून राहिला. १९३० साली सरकारी वटहुकुमाने पत्रे बंद पडली तेव्हा गुप्तपणे निघणाऱ्या 'रणभेरी'मागेही तोच होता. 'राष्ट्रपति', 'सर्वश्री', 'मुद्रास्फीति' हे शब्द पराडकरांनी हिंदीत रूढ केले असे तिकडे मानतात. आपल्या कचेऱ्यांतून रोज फिरणाऱ्या कागदांवरचे हे शब्द काशीतल्या एका मराठी लेखणीचे आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? घरी मराठी बोलणारा हा माणूस ज्या गावाने पोसले त्या गावच्या भाषेचा झाला, आणि त्याने मराठीपण गमावले असे आम्हांस तरी वाटत नाही. नागरी प्रचारिणी सभेच्या जुन्या इमारतीसमोर उभे असताना हे विशेष जाणवले. १८९३ साली शाळकरी वयाच्या मुलांनी काढलेली ती सभा. तिने १९२९ पर्यंत हिंदी शब्दसागर पुरा केला. काशीत मोठी कामे बहुधा अशीच, कोणाच्या तरी खोलीत सुरू होतात.

संध्याकाळ संगीताची. काशीत गाणे ऐकावयाला निराळे जावे लागत नाही. ते अंगावर येते. संकटमोचन मंदिरातला समारोह १९२३ पासून चालत आला आहे, चैत्रात रात्र-रात्र चालतो आणि श्रोत्याला तिकीट नसते. म्हणजे येथेही तीच बर्नियरची खिचडी! विश्वविद्यालयाने १९५० साली संगीताचे महाविद्यालय काढले तेव्हा त्याच्या प्रमुखपदी आले ओंकारनाथ ठाकूर, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. तेव्हा मिरजेच्या विद्येचा एक ओघळ येथवर पोहोचला. पण काशीचे आपले गाणे त्याआधीपासून तिच्या गल्ल्यांत होते, ठुमरीचे, कजरीचे, चैतीचे. सिद्धेश्वरीदेवी, गिरिजादेवी, तबल्याचे किशन महाराज, सगळे घरात शिकलेले. आणि बालाजी घाटावरच्या देवळात ज्यांनी मामांच्या मागोमाग बसून सनईचा रियाज केला ते बिस्मिल्ला खाँ, तेही. देऊळ विष्णूचे, वादक नमाजी, सूर भैरवाचा. मुक्तिमंडपात ज्यांना जागा मिळाली नसती अशा माणसांनी हे दुसरे विद्यापीठ चालविले, आणि त्याला आजवर कुणाच्या निर्णयपत्राची गरज पडली नाही. खाँसाहेब २००६ साली गेले. आम्ही गेलो त्या सायंकाळी त्या घाटावर सनई नव्हती. पाण्यावर एका होडीच्या यंत्राचा आवाज तेवढा होता.

परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा दुर्गाघाटाकडे पाय वळले. २०२१ साली विश्वनाथाभोवतीचा परिसर मोकळा करून रुंद मार्ग झाला. यात्रेकरूंची सोय झाली हे खरे, पण वाट चुकण्याचे सुख आता इकडेच, उत्तरेकडच्या घाटांवर उरले आहे. आम्ही ते भरपूर भोगले. एका दारात नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्ही आपसांत मराठीत बोललो ते त्यांच्या कानी पडले.

"कुठले हो तुम्ही?"

"हल्ली लखनौला असतो."

"हल्ली राहू द्या. मूळचे?"

आम्ही गाव सांगितले. त्यांचे मराठी शुद्ध होते, पण वाक्याच्या शेवटी बनारसी हेल अलगद टेकत होता. आम्ही उलट विचारले, तशा त्या सहज म्हणाल्या, "आम्ही नाशिककडचे."

"केव्हा आलात इकडे?"

"आम्ही कशाला येतो? माझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीचे आहोत इथे."

"मग नाशिकला जाणे होत असेल?"

त्यांनी सुपातला एक खडा बोटाने बाजूला काढला. "नाही हो. अजून योग नाही आला," त्या म्हणाल्या. "गाडी मात्र रोज जाते म्हणे."